अष्टमीची दोरी

आईवडिलांनंतर माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे असतील, तर ते हिराजी नाखवांचे. डोंबिवलीच्या खाडीवर, मोठागावच्या धक्क्यावरून पलीकडच्या गावांना जाणारी तरीची होडी त्यांनी तीस वर्षं वल्हवली. आज मी पदवीधर आहे, ठाण्याला कोपरीत दोन खोल्यांत राहतो, कारखान्यात माझ्या टेबलावर माझ्या नावाची पाटी आहे. या सगळ्याच्या मुळाशी त्यांचं वल्हं आहे. ते गेले त्याला आता दीड महिना होईल. वर्तमानपत्रात त्यांच्याविषयी ओळ आली नाही, आणि यायचं तसं काही कारणही नव्हतं. पण जाताना त्यांच्या नावाला एक डाग होता. ती चूक माझी होती, पाच वर्षं मी ती त्यांच्या नावावर राहू दिली, आणि पुसायला गेलो तेव्हाही धड पुसली नाही... हा लेख त्यासाठी आहे.

आमच्या दारावर मासळी घेऊन येणारी बाई मूळची मोठागावची. त्या दिवशी तिनं पाटी उतरवली आणि वर न बघताच म्हणाली, “तुमचा नाखवा गेला की. आज चौथा दिस. तुमाला कुनी कलवलं नाय?” मला कुणी कळवलं नव्हतं. कळवण्याइतका जवळचा मी राहिलोय की नाही, असा प्रश्न त्या घराला पडला असेल, तर त्यात त्यांचं काही चुकलं नाही. मी आत जाऊन बसलो. बायको दारातून विचारत होती, बोंबील घ्यायचे का.

आमचं गाव खाडीपलीकडे, भिवंडीच्या अंगाला. वडील गवताचे भारे होड्यांत भरायचे. ते गवत मुंबईच्या तबेल्यांत जायचं. घरात अक्षर ओळखणारं कुणी नव्हतं. चौथीनंतर मास्तरांनी वडिलांना सांगितलं की पोराला कल्याणच्या शाळेत घाला, आणि वडिलांनी घातलं. पण कल्याणला जायचं म्हणजे आधी खाडी ओलांडायची, मग डोंबिवली स्टेशन गाठायचं, आणि गाडी काही खाडीच्या पाण्याकडे बघून सुटत नाही. ओहोटीला दोन्ही काठांना मांडीएवढा चिखल पडायचा. होडी काठाला लागायचीच नाही. अशा दिवशी नाखवा मला खांद्यावर घ्यायचे, दप्तर मी डोक्यावर धरायचो, आणि ते फसफस आवाज करत चिखल तुडवत धक्क्यापर्यंत न्यायचे. “वली चड्डी घालून इंग्रजी शिकलास तं इंग्रजी पन वलं व्हईल,” असं म्हणायचे. पलीकडची गावं त्यांना वर्षाचं भात द्यायची. आमच्याकडे शेत नव्हतं. वडील दर दिवाळीला त्यांच्या दारात गवताचा एक भारा नेऊन टाकायचे. नाखवांकडे ना गाय, ना म्हैस. तरी ते भारा ठेवून घ्यायचे आणि वडील दिसेनासे झाले की शेजाऱ्याच्या म्हशीपुढे टाकायचे. हे मला फार उशिरा कळलं.

त्यांना लिहितावाचता येत नव्हतं, पण पाऊणकी मात्र तोंडपाठ होती. आम्ही शाळेत छडीच्या धाकानं जे घोकायचो, ते त्यांना बापानं होडीत शिकवलं होतं. तिथीची पाऊणपट केली की मुंबईच्या समुद्राला भरती किती वाजता पुरी होणार ते निघतं. “आज चौथ. चार पाऊने तीन. तीन वाजता तिकडं भरली. आपल्या खाडीत वर चढाया आनखी दोन तास धर. म्हंजे पाच.” आणि पाचच्या सुमाराला पाणी खरोखर धक्क्याच्या वरच्या पायरीला लागलेलं असायचं. अवस आणि पुनवेच्या आसपास उधाण. तेव्हा पाणी खूप वर चढतं आणि खूप खाली उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग; तेव्हा पाणी थोडंच हलतं. “अष्टमीचा पानी गरीब असतो, त्याला कुनी पन हाकलील,” असं ते म्हणायचे. रेतीच्या होडीवाले, गवतवाले, कल्याणच्या बंदरातून कौलं घेऊन येणारे, सगळे येताजाता विचारायचे, “नाखवा, पानी कवा?” त्यांनी सांगितलेली वेळ चुकली असं माझ्या लहानपणी कधी ऐकलं नाही. अख्ख्या खाडीत त्यांना जो मान होता तो या एका गोष्टीचा होता. होडी तर जुनीच होती, घर कुडाचं होतं.

स्वातंत्र्य मिळालं त्या वर्षी मी मॅट्रिकला बसलो. एक पेपर नेमका होळीच्या दुसऱ्या दिवशी आला. आमच्याकडे होळीला दोन दिवस कुणी कोळी होडीला हात लावत नाही. वल्ह्यांची पूजा करून ती उभी करून ठेवतात. वडील आदल्या संध्याकाळी नुसतेच काठावर जाऊन उभे राहिले, हाक मारायचा त्यांना धीर होईना. सकाळी उजाडता उजाडता बघतो तर नाखवा समोर होडीत. अंगावर गुलाल तसाच. त्यांच्या पाड्यातली म्हातारी माणसं पुढे वर्षभर त्यांच्याशी धड बोलली नाहीत. त्यांनी मला याविषयी एक शब्द सांगितला नाही. मीही विचारलं नाही, मला वाटायचं की मोठी माणसं करतातच असं.

पुढे शिष्यवृत्तीवर मुंबईला शिकलो, बी.एस्सी. झालो आणि ठाण्याच्या एका कारखान्यात कारकुनाच्या वरची, साहेबाच्या खालची अशी एक जागा मिळाली. माझ्यावरचे साहेब देवस्थळी, मोठे इंजिनियर, शिस्तीचे आणि मनानं चांगले. त्यांच्या आधीचा गोरा साहेब विलायतेला परत जाताना आपली शिडाची यॉट त्यांना देऊन गेला होता. ‘मेबल’ तिचं नाव. कोलशेतच्या बंदराला ती उभी असायची, पांढरी, नाजूक, तिच्या शेजारी रेतीच्या होड्या म्हणजे म्हशी वाटायच्या. देवस्थळींना तिचं वेड होतं, पण ती चालवायला माणूस नव्हता. एके दिवशी म्हणाले, “तू खाडीकाठचा ना रे? सुटीत दोनतीन दिवस गायमुख, घोडबंदर असं जाऊन यावं म्हणतो. एखादा भरवशाचा नाखवा आण आणि सगळी आखणी तू कर. मला कागदावर पाहिजे.” मी त्या दिवशी घरी तरंगत आलो. माझ्या साहेबाला माझा नाखवा मी देणार होतो.

आखणी मी जीव ओतून केली. साहेबांकडचं इंग्रजी पुस्तक वाचलं, मुंबई बंदराचं भरतीओहोटीचं छापील कोष्टक मिळवलं, आणि फुलस्केप कागदावर रेघा मारून रकाने पाडले: दिवस, भरती, ओहोटी, मुक्काम, पाण्याची खोली, नांगराची दोरी. दोरीचा नियम पुस्तकात ठळक होता. होडी नांगरायची तर आत्ताचं पाणी मोजायचं नाही, भरती पुरी झाल्यावर जे पाणी होईल ते मोजायचं, आणि त्याच्या पाचपट दोरी सोडायची. दोरी लांब असली की ती तळाशी आडवी पडते आणि नांगर चिखलात रुततो. दोरी आखूड पडली तर चढतं पाणी होडीला उचलतं आणि होडी नांगराला उपटते. बेत दसऱ्यानंतरच्या अष्टमीचा ठरला होता. तो दिवस नाखवांनीच सुचवला होता, गरीब पाण्याचा म्हणून. त्या हिशेबानं गायमुखच्या पुढच्या मुक्कामाला बारा वाव दोरी पुरे होती. दोन्ही हात पसरले की एक वाव.

मग साहेबांचे मेहुणे बंडोपंत पुण्याहून भाऊबिजेला येणार असं ठरलं, त्यांनाही यॉटवर यायचं होतं, आणि बेत पुढे गेला. भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी निघायचं, म्हणजे कार्तिकातली तीज. अवस होऊन तीनच दिवस, ऐन उधाण. मी कागद नव्यानं लिहिला. तारखा बदलल्या, भरतीओहोटीच्या वेळा कोष्टकावरून बदलल्या. शेवटचे दोन रकाने मात्र जुन्या कागदावरून तसेच उतरवून घेतले. घरात दिवाळी होती, घाई होती... कारण शोधायला गेलो तर अजूनही सापडतात. खरं एवढंच की माझं अक्षर सुंदर दिसत होतं आणि मी ते बघण्यात गुंतलो होतो.

तिजेला पहाटेची भरती उतरायला लागल्यावर आम्ही कोलशेत सोडलं. चौघंच होतो. साहेब, बंडोपंत, मी आणि नाखवा. दोन्ही बाजूंना डोंगर, मध्ये खाडी रुंद होत गेलेली, डब्यात चकल्या आणि करंज्या. बंडोपंत मजेदार गृहस्थ होते, एकसारखे बोलत होते. नाखवांना त्यांनी विचारलं, “काय हो, ही विलायती बाई तुमचं ऐकते का?” नाखवा म्हणाले, “ऐकते साहेब. मराठी कलत नाय तिला म्हून निमूट ऐकते.” साहेब मोठ्यानं हसले. माझी छाती अभिमानानं फुलली होती.

दहाच्या आधी गायमुखच्या जरा पुढे पोचलो. ओहोटी संपत आली होती. एका जुन्या दगडी धक्क्यापासून थोडं लांब नांगर टाकायचं ठरलं. नाखवा नाळेवर, यॉटच्या पुढच्या टोकाला, उभे राहून दोरी सोडू लागले आणि मी कागद बघून म्हणालो, “बारा वाव.” त्यांचे हात थांबले. ते माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, “सदू, ही अष्टमीची दोरी हाय रं. आज तीज हाय. सगली सोडूया, पंचवीसच्या पंचवीस.”

मला त्या क्षणी कळलं. हे मी आज लिहितोय ते यासाठी. पुढे पाच वर्षं मी स्वतःला सांगत आलो की त्या गडबडीत लक्षात आलं नाही. ते खोटं आहे. कागद माझ्या हातात होता, शेवटचा रकाना माझ्या डोळ्यांसमोर होता, आणि मी तो कसा उतरवून घेतला होता ते मला स्वच्छ आठवलं.

“काय म्हणतोय तो?” साहेबांनी विचारलं.

“जास्त सोडू म्हणतायत, सर.”

“जास्त सोडली तर होडी फिरून धक्क्याच्या दगडांवर नाही का जाणार? कागदावर काय आहे?”

“बारा, सर.”

“हिशेब करूनच लिहिलंयस ना?”

“हो, सर.”

बंडोपंत आडवे पडल्या पडल्या म्हणाले, “अहो नाखवा, बी.एस्सी. आहे तो. तुमचं शिक्षण कुठपर्यंत?”

“या काठापासून त्या काठापोत्तर,” नाखवा म्हणाले. पण त्यांचे डोळे माझ्यावरच होते. मी एक शब्द बोललो असतो तर पुरे होतं. फार तर साहेबांनी कपाळाला आठी घातली असती. त्या महिन्यात मला कायम करायचं की नाही ते ठरणार होतं, आणि ती आठी मला नको होती. मी म्हणालो, “काका, पुस्तकाप्रमाणे आहे. राहू द्या.” त्यांनी बारा वावांवर दोरी खुंटाला आवळली आणि उरलेली दोरी गुंडाळून ठेवली.

बंडोपंत यॉटवरच झोपले. नाखवांनाही वर थांबायचं होतं, पण चूल मांडायला माणूस हवा म्हणून साहेबांनी त्यांना यॉटच्या छोट्या डोणीतून आमच्याबरोबर काठावर आणलं. त्यांनी भात शिजवला, मासे भाजले, आम्हाला वाढलं. स्वतः जेवले नाहीत. पाण्याकडे तोंड करून बसून राहिले. दुपारी दोन वाजून गेले असतील, भरती जोरात चढत होती आणि पश्चिमेचा वारा सुटला होता. ते एकदम उठले. म्हणाले, “डोलकाठी बघ. मघाशी त्या पल्याडच्या ताडाच्या समोर व्हती. आता ताड सोडून अलीकडं आली.” मी बघितलं तर यॉट आपली शांत दिसत होती. पण ती सरकत होती, सावकाश, आवाज न करता, दगडी धक्क्याच्या रोखानं.

नाखवा चिखलातून धावले, ती डोणी ढकलून तिच्यात बसले, आणि वल्हवत निघाले. मी कमरेएवढ्या पाण्यात गेलो आणि तिथंच उभा राहिलो. ते यॉटवर चढले तेव्हा यॉट आणि दगड यांच्यात चारपाच होड्यांच्या लांबीएवढंच अंतर उरलं असेल. बंडोपंतांना त्यांनी हाका मारून उठवलं आणि नाळेवर जाऊन उरलेली दोरी सोडायला घेतली. दोरी सुटली, ओढीनं खुंटाभोवती भरभर फिरत गेली, आणि नांगर चिखलात पुन्हा रुतला तेव्हा सगळा भार एकदम तिच्यावर आला. त्यांचा उजवा हात दोरी आणि खुंट यांच्या मध्ये होता. ओरडल्याचं मी ऐकलं नाही. बंडोपंत ओरडत होते. यॉट दगडांच्या अलीकडे थांबली. तिला खरचटलंसुद्धा नाही.

ठाण्याला पोचायला अंधार पडला. डॉक्टरांनी प्रयत्न केले, पण पंजा वाचला नाही. मनगटापासून काढावा लागला.

त्याआधीची एक गोष्ट सांगायची राहिली. हात धोतराच्या फडक्यात बांधून नाखवांना काठावर आणलं, तेव्हा साहेब पांढरेफटक पडले होते. त्यांना राग येत नसे, पण तेव्हा आला होता. “ही दोरी कमी कशी पडली?” त्यांनी विचारलं. कागद माझ्या खिशात होता. मी तोंड उघडलं... निदान मला तसं आठवतं. नाखवा माझ्या आधी बोलले. “मीच चुकलो साहेब. मना तिथीचा इसर पडला. पोरानं इचारलं तं मीच बारा सांगितलं.” ते हे माझ्याकडे न बघता बोलले. बारा कुणी सांगितलं होतं ते साहेबांनी कानांनी ऐकलं होतं, पण त्या घटकेला त्यांना ते आठवलं नसावं. कदाचित आठवायचंही नसावं. “तरी म्हटलं,” एवढंच ते म्हणाले. मी तोंड मिटलं.

दोन महिन्यांनी मी कायम झालो. शिफारशीत साहेबांनी माझ्या नीटनेटक्या आखणीचा खास उल्लेख केला होता. बंडोपंतांनी मात्र ती हकिगत गोष्ट करून सगळीकडे सांगितली, वाईट हेतूनं नव्हे, त्यांना गोष्टी सांगायची सवयच होती. ठाण्यातून ती कोलशेतला गेली, कोलशेतहून रेतीवाल्यांच्या तोंडी खाडीनं वर चढत डोंबिवलीला पोचली. उधाणाच्या तिजेला अष्टमीची दोरी सोडणारा नाखवा. शहरातल्या माणसाला यात काही वाटणार नाही. आमच्या खाडीत याचा अर्थ, वैद्याला नाडी सापडली नाही असा होतो.

हात गेल्यावर तरीची होडी दुसऱ्याकडे गेली, ते साहजिकच होतं. पण ते रोज धक्क्यावर येऊन बसत राहिले. वेळ सांगायला हात लागत नाही. फक्त आता कुणी विचारत नव्हतं. मी एकदा त्यांच्याकडे गेलो होतो तेव्हाचं सांगतो. रेतीची होडी धक्क्याला लागली, तिच्यावरचा एक तरुण गडी म्हणाला, “नाखवा, आज कनची तिथ?” आणि होडीतले सगळे हसले. नाखवांनी सरळ उत्तर दिलं, “दशम. पानी साडेनवाला.” जणू त्यानं खरंच विचारलं होतं. गडी म्हणाला, “बगा हां, नायतं अष्टमी असायची.” पुन्हा हसू. मी शेजारीच बसलो होतो. पायात नवे बूट होते, त्यांच्याकडे बघत राहिलो.

त्या दिवशी घरी गेल्यावर मी त्यांना म्हणालो, “काका, मी सांगून टाकतो सगळं.” ते डाव्या हातानं विडी पेटवायचा प्रयत्न करत होते. म्हणाले, “आता काय उपेग? हात उगवनार हाय? तुजी नोकरी मातुर जाईल. मंग बसू दोघं धक्क्यावर. मी एका हाताचा, तू दोन हातांचा पन बिनकामाचा.” आणि हसले. मला जे ऐकायचं होतं तेच ते बोलले, म्हणून मी ते लगेच मानलं. त्यानंतर माझं जाणं कमी होत गेलं. दिवाळीला धोतरजोडी, संक्रांतीला तिळगूळ. माझं लग्न झालं, मुलगी झाली. कोपरीहून डोंबिवली काय लांब आहे...

गेल्या वर्षी देवस्थळी साहेब निवृत्त होऊन पुण्याला गेले. त्यानंतर महिन्याभरानं मी नाखवांना पत्र लिहिलं. आता भिण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा लिहिलं, हेही वाचकांनी लक्षात ठेवावं. साहेबांनाही निराळं लिहिलं. त्यांचं उत्तर आलं नाही. नाखवांना वाचता येत नव्हतं, पण त्यांची सून सोनीवहिनी चौथी शिकलेली, ती वाचून दाखवेल हे मला ठाऊक होतं. पुढच्याच रविवारी मी गेलो. नाखवांनी चहा पाजला, बांगड्यांचा भाव सांगितला, माझ्या मुलीची चौकशी केली. पत्राचं नाव काढलं नाही. मी समजलो की वाचलं, ऐकलं, सोडून दिलं. हलक्या मनानं घरी आलो. वर्षभर तसाच हलका राहिलो.

दहाव्याला मी मोठागावला गेलो. विधी झाल्यावर सोनीवहिनीनं आतून पत्र आणून माझ्या हातात दिलं. घड्या पहिल्यासारख्याच कडक होत्या. म्हणाली, “भावजी, हे तुमचं. आलेलं तवा मी उंबऱ्यात बसून वाचाया घेतलं. पयल्या चार ओली झाल्या नि मामंजी बोलले, पुरे. मी बोलले, पुढं बरंच हाय, धक्क्यावर नेऊन वाचा असं लिवलंय. तं बोलले, ठेव बाय डब्यात. धक्क्यावरची तोंडं लई वंगाल. पोरगा साहेब झालाय, त्याला कशाला ती ऐकवायची?” मग तिनं विचारलं, “मी मंग पुढं वाचलंच नाय. काय व्हतं त्यात?”

मी तिला तिथंच सांगितलं. ती मुलाला घेऊन आत गेली. बाहेर मांडवात तेच रेतीवाले बसले होते. पत्र खिशात घालून मी त्यांच्यासमोरून निघून आलो. अजून एकदा. आता हे पत्र ज्यांनी ऐकायचं होतं त्यांच्यापर्यंत पोचवायचा हा एकच रस्ता मला सुचतो. मोठागावच्या धक्क्यावर रविवारी वर्तमानपत्र येतं, आणि एक जण वाचतो, बाकीचे ऐकतात. पत्र जसंच्या तसं देतो.

तीर्थस्वरूप हिराकाकांस, सदूचा शिरसाष्टांग नमस्कार.

सोनीवहिनी, हे तुम्ही वाचत असाल तर इथेच थांबा. काकांना धक्क्यावर घेऊन जा. भरतीच्या वेळी जा, तेव्हा रेतीवाले आणि तरीवाले सगळे असतात. तिथे मोठ्यानं वाचा. काका नको म्हणतील, तरी वाचा.

धक्क्यावरच्या मंडळींनो, मी पलीकडच्या गवतवाल्याचा मुलगा सदाशिव. तुम्ही मला लहानपणी काकांच्या खांद्यावर बघितलं आहे. गायमुखला त्या दिवाळीत जी दोरी कमी पडली ती मी ठरवली होती. मी ती अष्टमीसाठी काढली होती. बेत तिजेवर गेला तेव्हा मी तारीख बदलली आणि दोरी बदलली नाही. काकांनी नांगर टाकतानाच मला सांगितलं, की ही अष्टमीची दोरी आहे, आज तीज आहे, सगळी सोड. त्यांचं बरोबर आहे हे मला तिथल्या तिथे कळलं होतं. साहेबानं विचारलं तेव्हा मी हिशेब बरोबर आहे म्हणालो, कारण मला नोकरीत कायम व्हायचं होतं. नंतर काकांनी चूक स्वतःवर घेतली आणि मी ती घेऊ दिली. तुम्ही त्यांना हसलात तेव्हा मी एकदा शेजारी बसलो होतो. तेव्हाही मी बोललो नाही.

काका, माफी मागायला मी हे लिहीत नाही. मागितली तर तुम्ही लगेच द्याल, आणि मी पुन्हा सुटेन. तुमचा हात मला परत देता येत नाही. जे देता येतं ते चार वर्षं मी खिशात घेऊन फिरलो.

मंडळींनो, तुमच्यापैकी कुणाला अजून शंका असेल तर मला कोपरीला येऊन भेटा, मी तो कागद जपून ठेवला आहे, अक्षर माझं आहे. त्या दिवशी यॉटवर चार माणसं होती. दोन साहेब लोक, एक बी.एस्सी., आणि एक ज्याला तिथी ठाऊक होती. तो तुमच्यासमोर बसला आहे. हे वाचून झालं की त्याला विचारा, पाणी कधी. आणि तो सांगेल त्या वेळेला होड्या काढा.

तुमचा,
सदू